काट्यालाही ऊन लागतं

सकाळी डेअरीत दूध घालायला गेलात ना पोरांनो, तर किटली ठेवायच्या आधी जरा रिकाम्या काट्याच्या आकड्यांकडे बघत जा. थंडीचे दिवस असावेत, काटा नुकताच चालू केलेला असावा, वर काहीएक नाही आणि पाटीवर सगळी शून्यं. मग उन्हं पत्र्याखाली सरकतात, काट्याच्या अंगावर येतात, आणि कुणी बोटसुद्धा लावलेलं नसताना शेवटचा आकडा हलतो, पाच ग्रॅम होतात, थोड्या वेळानं दहा. डेअरीवाला बटण दाबतो, पुन्हा शून्य. रांगेतली एखादी आजी लगेच पुटपुटते, "मारला मेल्यानं काटा!" आता काटा मारणारे हात जगात कमी आहेत असं मी म्हणणार नाही, ऊस घालणाऱ्या कुणालाही विचारा, पण ह्या वेळेला हात कुणाचा म्हणाल, तर उन्हाचा.

हा काटा एकदा खोलून बघण्यासारखा असतो. डेअरीतला नको, त्याला वैधमापनवाल्यांचं सील असतं आणि ते तोडणं अंगाशी येतं, भंगारवाल्याकडचा चालेल. वरचं स्टीलचं ताट उचललं की खाली सापडतो ॲल्युमिनियमचा वीतभर दांडा, मधोमध आरपार भोक पाडलेला, म्हणजे तिथं तो मुद्दाम अशक्त केलेला. ह्यालाच लोड सेल म्हणतात. भोकाच्या वर-खाली पांढरट रबरासारखा थर थापलेला असतो आणि त्यातून चार बारीक वायरी निघतात, लाल, काळी, पांढरी आणि हिरवी. तो थर नखानं खरवडला की आत दिसते मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतक्या जाडीची धातूची नागमोडी पट्टी. किटली ठेवली की दांडा वाकतो, पट्टी ताणली जाते, लांब आणि बारीक होते, आणि विजेला तिच्यातून जायला जरा जास्त त्रास पडतो. काट्याची सगळी विद्या एवढीच. वाकतो म्हणजे किती वाकतो? पूर्ण तीस किलो भार आला तरी पट्टी आपल्या लांबीच्या हजाराव्या भागाइतकी ताणली जाते, आणि तिचा रोध बदलतो शंभरात ०.२. दांड्याला पाच व्होल्ट दिले तर तीस किलोला त्यातून बाहेर येतात १० मिलिव्होल्ट, म्हणजे दहा ग्रॅमला ३.३ मायक्रोव्होल्ट. एका व्होल्टाचे दहा लाख तुकडे करायचे, त्यातले तीन उचलायचे, आणि ते बरोबर तीनच आहेत हे भर बाजारात, उन्हातान्हात सांगायचं.

आता ह्यात ऊन शिरतं. तांब्याची तार एका अंशानं तापली की तिचा रोध वाढतो शंभरात ०.३९. म्हणजे कुणी भोळसटपणे ही पट्टी तांब्याची केली असती, तर तीस किलोची गोणी ठेवून तिच्यात जेवढा फरक पडतो त्याच्या जवळजवळ दुप्पट फरक नुसतं एक अंश ऊन चढलं की पडला असता, आणि दूध कुणी घातलं आणि ऊन कुठल्या बाजूनं आलं ह्यातलं काहीच कळलं नसतं. हे संकट टळलं ते एडवर्ड वेस्टन नावाच्या माणसामुळे. जन्मानं इंग्रज, पोटापाण्यासाठी अमेरिकेत गेला आणि न्यूअर्कला विजेची मापनयंत्रं करायला लागला. त्याला छळत होता तो हाच प्रश्न, सकाळी बरोबर दाखवणारं यंत्र दुपारी खोटं का दाखवतं. १८८०च्या दशकात धातू मिसळता मिसळता त्याच्या हाती तांबं आणि निकेल ह्यांचं एक मिश्रण लागलं. गंमत बघा, दोन्ही धातू एकेकटे घेतले तर तापल्यावर रोध वाढवणारे, निकेल तर तांब्याहूनही पुढे. पण साधारण पंचावन्न भाग तांबं आणि पंचेचाळीस भाग निकेल एकत्र वितळवलं की तयार होणारी तार उन्हाला ढिम्म दाद देत नाही. तिचं नाव कॉन्स्टंटन. काट्यातली नागमोडी पट्टी बहुतेक करून तिचीच.

पण एवढ्यानं भागत नाही, कारण पट्टी शहाणी झाली तरी ती ज्याला चिकटवली तो ॲल्युमिनियमचा दांडा थोडाच शहाणा झालाय! तो अंशाअंशाला दहा लाखात तेवीस भाग वाढतो, आणि वाढताना पाठीवरच्या पट्टीला ताणतो. पट्टीला वाटतं, आलं दूध. ह्यावर कारागिरांनी काय केलं, तर पट्टी भट्टीत अशा बेतानं भाजायची की तापल्यावर तिचा रोध अगदी किंचित कमी व्हावा, आणि दांड्यानं ताणल्यामुळे जेवढा वाढतो तेवढाच कमी व्हावा. म्हणून ॲल्युमिनियमसाठीची पट्टी वेगळी आणि पोलादासाठीची वेगळी. वर आणखी एक युक्ती अशी, की पट्टी एक न लावता चार लावायच्या, दोन ताणल्या जाणाऱ्या जागी आणि दोन दबल्या जाणाऱ्या जागी, आणि चौघींची जोडणी अशी करायची की फरक तेवढाच बाहेर यावा. ऊन चौघींना सारखंच लागतं, त्यामुळे ते वजा होतं. वजन दोघींना ताणतं, दोघींना दाबतं, ते मात्र उरतं. ही जोडणी १८३३ साली सॅम्युअल हंटर ख्रिस्ती ह्यानं सुचवली. दहा वर्षांनी चार्ल्स व्हीटस्टननं ती लोकांपुढे आणली, आणताना ख्रिस्तीचं नावही प्रामाणिकपणे घेतलं, तरी लोक आजतागायत तिला व्हीटस्टनचा सेतूच म्हणतात. नशीब एकेकाचं.

आणि तरी दांडा हार मानत नाही. तापला की ॲल्युमिनियम जरासं मऊ पडतं, दहा अंशांना साधारण अर्धा टक्का, म्हणजे तेवढ्याच दुधाखाली ते जास्त वाकतं आणि वीस किलो दूध शंभर ग्रॅमनं जास्त भरतं. ह्याचा बंदोबस्त म्हणून लोड सेलकडे येणाऱ्या विजेच्या वाटेवर निकेलचा एक छोटासा रोध बसवतात. मघाशी निकेलला नावं ठेवली ना, तापल्यावर फार बदलतं म्हणून? इथं त्याचा तोच अवगुण कामाला येतो. ऊन चढलं की त्याचा रोध वाढतो, पाच व्होल्टांतला थोडा हिस्सा तो स्वतःच खातो, सेतूला वीज जरा कमी मिळते, आणि जास्त वाकल्यामुळे जे जास्त दिसलं असतं ते तेवढंच कमी होतं.

उन्हाशी भांडण करायचं नसतं, ते जितकं वाढवतं तितकंच कमी करणारं काहीतरी शोधून त्याच्या समोर उभं करायचं असतं, ही अक्कल काही काट्यावाल्यांची नव्हे. ती जुनी आहे. विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैल जमीन पोलादी साखळीनं मोजली. साखळी शंभर फूट लांब. ती लाकडी पेट्यांत ठेवायची, वर तंबू धरायचे, शेजारी थर्मामीटर ठेवायचे, आणि प्रत्येक मोजणीला ऊन किती होतं ते लिहून घ्यायचं. एवढा खटाटोप का? एक अंश जरी पारा चढला तरी साडेसात मैलांत साडेपाच इंचांचा घोळ होतो म्हणून. त्याचा मार्ग सरळ होता, साखळीला वाढायचं तेवढं वाढू दे, मी ती किती वाढली ते लिहून ठेवतो आणि मागाहून वजा करतो. हा माणूस पुढे मोजत मोजत दक्षिणेतून वर सरकत राहिला आणि १८२३ साली नागपूरच्या वाटेवर असताना आपल्या वर्ध्याकडच्या हिंगणघाटात वारला. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनं साखळी बाजूला ठेवली आणि विलायतेहून दहा फुटी दांडे आणले, एक लोखंडाचा आणि एक पितळेचा, शेजारी शेजारी ठेवून मधोमध जखडलेले. दोघांच्या टोकांना जोडणारी एक आडवी पट्टी असायची आणि ती लोखंडाच्या पलीकडे थोडी बाहेर निघालेली. तापलं की पितळ जास्त वाढणार, लोखंड कमी, त्यामुळे पट्टी तिरकी होणार, आणि तिच्या बाहेरच्या टोकावरचा ठिपका होता तिथंच राहणार! दोन्ही दांडे वाढले, पण दोन ठिपक्यांतलं अंतर वाढलं नाही. मला विचाराल तर हे बघायला मी डेहराडूनपर्यंत चालत गेलो असतो. १८३४-३५ साली तिथं ह्याच दांड्यांनी जमीन मोजली. मेख एकच, की दोन्ही दांडे एकाच वेळी तापले पाहिजेत. एकावर सावली आणि एकावर ऊन पडलं की सगळी अक्कल पाण्यात.

बरं, काट्याकडे वळू. लोड सेलमधून निघालेले मायक्रोव्होल्ट आकड्यांत कोण बदलतं? एक चिप असते, तिला एडीसी म्हणतात. तिच्या अनेक जाती आहेत, पण समजायला सगळ्यात सोपी जात म्हणजे वाण्याची तागडीच. एका पारड्यात आलेली वीज, दुसऱ्यात मापं, आधी अर्ध्याचं माप टाकून बघायचं, जड झालं तर काढायचं, मग पावाचं, मग अर्ध्या पावाचं, असं करत करत बारीक मापापर्यंत उतरायचं आणि कुठली मापं पारड्यात राहिली ते ओळीनं लिहायचं, की झाला आकडा. पण ही सगळी मापं एकाच मूळ मापातून काढलेली असतात, आणि ते मूळ माप असतं एक ठरावीक व्होल्टेज. त्याला ऊन लागून ते एक टक्का फुगलं, तर जगातलं सगळं दूध एक टक्क्यानं कमी भरणार, आणि तागडी मात्र छातीवर हात ठेवून सांगणार की मी खरं बोलतेय.

काट्यात ह्यावरचा उपाय इतका सोपा आहे की पहिल्यांदा कळतो तेव्हा हसू येतं. लोड सेलला जे पाच व्होल्ट देतात, तेच पाच व्होल्ट चिपला माप म्हणून देतात. ऊन चढलं, बॅटरी उतरली, पाचाचे पावणेपाच झाले, होऊ देत. दुधाची वीज जेवढ्या प्रमाणात घटली तेवढ्याच प्रमाणात मापही घटलं, आणि भागाकार होता तोच राहिला. दोघं एकत्र खोटं बोलले की खरं बाहेर पडतं.

हे ऐकून मला रातकिड्यांची आठवण येते, आणि ती सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. रातकिड्याचं रक्त थंड, त्यामुळे गारठा पडला की त्याची किरकिर मंदावते आणि उकाडा झाला की घाईला येते. अमेरिकेतल्या एमॉस डॉल्बेअर ह्या पदार्थविज्ञानाच्या माणसानं १८९७ साली ह्याचं गणितच मांडलं. तिथल्या झाडावरच्या एका पांढरट रातकिड्याच्या आठ सेकंदांतल्या हाका मोजा आणि त्यात पाच मिळवा, की सेल्सिअस तापमान साधारण मिळतं. आपल्याकडचे रातकिडे वेगळे, त्यांच्यावर हे गणित लावून ताप बघायला जाऊ नका. पण खरी गंमत पुढे आहे. गातो तो नर, पंखावर पंख घासून. ऐकते ती मादी, आणि तिचे कान असतात पुढच्या पायांच्या नडगीवर. एकाच झाडीत दोन-चार जातींचे नर गात असतात आणि मादी आपल्या जातीचा ओळखते तो गाण्याच्या ठेक्यावरून. आता उकाडा झाला आणि ठेका जलद झाला, तर बिचारीनं ओळखायचा कसा? दुसऱ्याच जातीचा कोणी गारठ्यात बसून गातोय असं नाही का वाटणार? १९५७ साली थॉमस वॉकरनं माद्यांना निरनिराळ्या ठेक्यांची गाणी ऐकवून बघितली. तेव्हा दिसलं की मादीला आवडणारा ठेका तिच्या स्वतःच्या अंगाच्या तापमानाबरोबर बदलतो. गार मादी संथ गाण्याकडे जाते, उबेतली मादी घाईच्या गाण्याकडे. गाणं आणि गाणं मोजायचं माप, दोघांनाही तेच ऊन लागलेलं! काट्यातल्या पाच व्होल्टांची युक्ती झाडावरच्या किड्यांत कधीपासूनची चालू होती.

मात्र सगळीकडे हे जमत नाही. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी भरलीय की निम्मी झालीय हे बघायचं, तर १२.६ व्होल्ट आणि १२.२ व्होल्ट ह्यांतला फरक ओळखायचा असतो, आणि तिथं मापच बॅटरीबरोबर खाली उतरायला लागलं तर झालीच शोभा. तिथं उन्हात न हलणारं माप लागतं, आणि चिप असते सिलिकॉनची, आणि सिलिकॉन तर उन्हाला फारच हळवं. सिलिकॉनच्या सांध्यावर वीज जाताना साधारण ०.६ व्होल्ट खर्ची पडतात, आणि प्रत्येक अंशाला ते २ मिलिव्होल्टनं कमी होत जातात. मग एव्हरेस्टच्या पितळेचं काम कुणी करायचं? तर सिलिकॉननंच! शेजारी शेजारी दोन सांधे करायचे, एक लहान आणि एक त्याच्या आठपट मोठा, आणि दोघांतून सारखीच वीज सोडायची. दोघांच्या व्होल्टेजमध्ये जो फरक पडतो तो तापमानाबरोबर वाढतो, अंशाला ०.१८ मिलिव्होल्टनं. त्याला अकरानं गुणलं की दोन मिलिव्होल्ट. एक उतरणारं, एक चढणारं, दोघांची बेरीज सव्वा व्होल्टाच्या आसपास जवळजवळ स्थिर. १९६४ साली डेव्हिड हिल्बिबरनं ही कल्पना मांडली, आणि पुढे ती बाजारात विकण्याजोग्या चिपमध्ये उतरवली बॉब विड्लरनं.

हा विड्लर म्हणजे एक वल्लीच होती. त्याच्या कंपनीनं खर्च वाचवायला म्हणून आवारातलं गवत कापणं बंद केलं, तर ह्या बहाद्दरानं स्वतःच्या मर्सिडीजच्या मागच्या सीटवर एक मेंढी बसवून आणली आणि कंपनीच्या दारात चरायला सोडली. नंतर तिशी जेमतेम ओलांडल्यावर नोकरी सोडून मेक्सिकोत समुद्रकाठी जाऊन राहिला. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ते सव्वा व्होल्टांचं माप आहे, एक सोडून अनेक ठिकाणी.

'जवळजवळ स्थिर' म्हणालो ते उगीच म्हणालो नाही. उतरणारी रेघ अगदी सरळ नसते, तिला बारीकसा बाक असतो, तो बेरजेतही उरतो. मग चांगल्या चिपमध्ये काय करतात, तर तो जो चढणारा फरक आहे, तो आपोआपच थर्मामीटर असतो, त्याच्याकडून चिप स्वतःचा ताप बघते. कारखान्यात तिला गार-गरम करून कुठल्या तापाला किती चुकते ते तिच्या स्मरणात लिहून ठेवलेलं असतं, तेवढं ती वजा करते. लॅम्बटनच्या पेटीतले थर्मामीटर आणि वही आता भाताच्या शितात मावतील एवढे झाले, बाकी काही बदललं नाही.

एक चोर मात्र ह्या सगळ्यांतून निसटतो. दोन वेगळे धातू जोडले आणि एका बाजूचा जोड गरम, दुसरीकडचा गार राहिला, की तिथं आपोआप वीज उभी राहते. योहान सीबेकला हे १८२१ साली होकायंत्राची सुई हलताना बघून लक्षात आलं. तांबं आणि कॉन्स्टंटन ह्यांच्या जोडाला एका अंशाला ४० मायक्रोव्होल्ट. मघाचा हिशेब आठवा, दहा ग्रॅमला ३.३, म्हणजे पट्टीच्या एका टोकाला उन्हाचा कवडसा लागून ते एकाच अंशानं तापलं तर हवेतलं सव्वाशे ग्रॅम दूध. ह्या चोराला पकडायची रीत मला सगळ्यात आवडते. वीज एकदा सुलटी सोडून मोजायचं, मग लगेच उलटी सोडून मोजायचं. दुधाचा आकडा दुसऱ्या वेळेला उलटा होतो, कारण तो सोडलेल्या विजेवर अवलंबून. चोराचा आकडा होता तसाच राहतो, कारण तो कुणाचंच ऐकत नाही. एकातून दुसरा वजा केला की चोर गायब आणि दुधाचा आकडा दुप्पट, त्याला दोननं भागायचं. नाजूक मोजणीची यंत्रं ही उलटापालट सेकंदाला कित्येक वेळा करतात.

आणि काही माणसं अशी असतात की त्यांना ही जमाखर्चाची भानगडच नको असते. बॉब डॉब्किननं तसली एक चिप केली. तिच्या पोटात मापाशेजारीच एक शेगडी असते आणि ती चिपला सदोदित ९० अंशांवर धगधगत ठेवते, म्हणजे बाहेर जानेवारी असो की मे, मापाला काही कळतच नाही. एवढ्या तापलेल्या चिपवर कारखान्यातूनच प्लास्टिकची टोपी घालून देतात, वारा लागून हिच्या पायांत सीबेकचा चोर शिरू नये म्हणून. ह्याच घराण्यातल्या तिच्या धाकट्या भावंडावर आठ-साडेआठ आकडी मीटर चालतो, जगातल्या भल्या भल्या प्रयोगशाळा त्याच्यावर विसंबतात. त्याचं बटण दाबलं की आकडे लगेच दिसतात, पण बनवणारे स्वतःच सांगतात, पूर्ण खरं हवं असेल तर आधी चार तास त्याला तापू द्या.